राहणाऱ्याचं गाऱ्हाणं

मराठीत परदेशाविषयी लिहिलेलं पुष्कळ आहे; परदेशात राहण्याविषयी लिहिलेलं त्या मानाने थोडं. ‘अपूर्वाई’ १९६० साली आली आणि पुढे प्रवासवर्णनांची रीघच लागली. ती लिहिणारे बहुतेक जण परतीचं तिकीट खिशात घेऊन गेलेले. अशा माणसाला रस्ते स्वच्छ दिसतात, गाड्या वेळेवर सुटतात, अनोळखी माणूस त्याच्यासाठी दार धरून उभा राहतो. हे सगळं खरंच असतं. फक्त दाढ दुखली म्हणून त्याला तिथल्या डॉक्टरची वेळ मिळवावी लागत नाही, भाड्याच्या घराची अनामत सोडवून घ्यावी लागत नाही, नोकरी सुटली तर देशात राहायला किती दिवस उरले ते मोजावं लागत नाही. पाहुण्याला ओसरी दिसते. मोरी कुठे तुंबते ते राहणाऱ्यालाच ठाऊक.

पुढच्या पानांचा विषय हा राहणारा माणूस आहे. त्याने परका देश पत्करला, तिथे घर केलं, कर भरले, मुलं वाढवली, आणि आता तिथल्या आयुष्यात काय खुपतं याचा हिशेब मांडायला तो बसला आहे.

हा हिशेब उघडपणे मांडायला त्याला जागा नसते. गावी फोनवर काही बोलावं तर, ‘तुला काय कमी हाय रं तिकडं? डॉलरात पगार घेतोस की,’ असं वडीलच, म्हणजे आण्णाच, म्हणतात. तिथल्या लोकांपाशी बोलावं तर ‘आवडत नसेल तर परत जा’ हे उत्तर गोड किंवा कडू शब्दांत तयार असतं. महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात बोलावं तर जो तो आपलं बस्तान किती छान बसलं हे सांगायच्या घाईत. मग गाऱ्हाणं दोन वाटांनी बाहेर पडतं. कुणी त्या अख्ख्या देशाच्या नावाने बोटं मोडतो, कुणी आपल्या गावाच्या आठवणीत रमतो. दोन्हींत मन हलकं होतं, हिशेब मात्र होत नाही.

राहत्या देशातल्या उणिवा मोजणं हा कृतघ्नपणा आहे असं मला वाटत नाही. ज्याला तिथे दिवस काढायचे आहेत तोच मोजतो. मात्र मोजताना कुठली उणीव कुणाच्या खाती टाकायची हे आधी ठरवायला हवं. काही उणिवा कायद्याच्या असतात. त्यांच्याविरुद्ध भांडता येतं. काही तिथल्या रीतीभातीच्या असतात. त्या अंगवळणी पाडून घेता येतात, किंवा पटत नसतील तर सोडून देता येतात. काही नुसत्या अंतराच्या असतात आणि त्यांना कुठलाच देश जबाबदार नसतो. तिन्हींची सरमिसळ झाली की माणूस भलत्याच कारणासाठी राहतो, नाहीतर भलत्याच कारणासाठी परततो.

हे सदलग्यात बसून लिहायलाही कारण आहे. दूधगंगेच्या काठचं हे गाव बेळगाव जिल्ह्याच्या चिकोडी तालुक्यात येतं. थोडं पुढे गेलं की कोल्हापूर जिल्हा लागतो आणि राज्य बदलतं. १ नोव्हेंबर १९५६ रोजी इथला माणूस जागचा न हलता मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. पुढे १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला. बेळगाव म्हैसूर राज्यातच राहावं, निपाणी-खानापूर महाराष्ट्राला द्यावं, असं त्याच्या १९६७ च्या अहवालात होतं. प्रत्यक्षात काहीच हललं नाही. २००४ साली महाराष्ट्राने दावा दाखल केला, तेव्हापासून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आहे. परदेशी गेलेल्याशी सीमाभागातल्या माणसाची बरोबरी करता येत नाही. तिकडे गेलेल्याने देश निवडला, इथे कुणी विचारलंच नाही. तरी एक शहाणपण या भागात मुरलेलं आहे. सरकारी कागद आपल्या भाषेत मिळत नाही हे गाऱ्हाणं कुठे न्यायचं आणि रस्ता खचला हे कुठे, यातला फरक इथे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पहिल्यासाठी मोर्चा आणि कोर्ट, दुसऱ्यासाठी नगरपालिका. या दोन्हींपायी शेजारच्या घराशी बोलणं बंद करायचं नसतं. त्यांच्या घरात कन्नड, आपल्या घरात मराठी, बाजारात दोन्ही.

दुसऱ्याची भाषा आपलीशी करणं इथे नवलाचं नाही. सदलग्यात १९४६ साली जन्मलेले आचार्य विद्यासागर पुढे हिंदी मुलखात वावरले आणि ‘मूकमाटी’ हे महाकाव्य त्यांनी हिंदीत लिहिलं. म्हणून इथून गेलेल्या माणसाला काय खुपतं हे पाहायचं तर भाषेच्या पलीकडे जावं लागतं.

परमुलखातल्या अडचणींची निवड कशी करायची, याचा एक जुना दाखला आनंदीबाई जोश्यांचा आहे. १८८३ साली त्या अमेरिकेला निघाल्या. निघण्याआधी कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरला त्यांनी भाषण केलं आणि हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन, असं सांगून टाकलं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटर कुटुंबाने त्यांना आधी घरी ठेवून घेतलं. मग फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण सुरू झालं. नऊवारी नेसलं की पोटऱ्या उघड्या राहतात. तिथल्या हिवाळ्यात ते चालेना, तेव्हा त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. पाय घोट्यापर्यंत झाकले जातात आणि आत उबदार परकर घालता येतो. पोशाख बदलला, जेवण आणि धर्म बदलला नाही. कुठे नमतं घ्यायचं आणि कुठे नाही, हे अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीने स्वतःपुरतं ठरवलं होतं. ११ मार्च १८८६ ला त्या डॉक्टर झाल्या. तिथल्या हवेत ढासळलेली प्रकृती सावरली नाही, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला त्या पुण्यात वारल्या. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवली गेली आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीच्या दफनभूमीत त्या कुटुंबाच्या जागेत ठेवली गेली. ज्या मुलखात तब्येत खचली, त्याच मुलखातल्या एका घराने त्यांना लेक मानलं. उणिवांची यादी करणाऱ्याने हा दुसरा रकाना रिकामा ठेवू नये.

आनंदीबाईंच्या पदवीदानाला पंडिता रमाबाई हजर होत्या. त्या इंग्लंडहून आल्या होत्या. तिथे वाँटेजच्या जोगिणींशी त्यांचा खटका उडाला होता, तो मुख्यतः अधिकारावरून. बाप्तिस्मा घेतला म्हणून स्वतः विचार करायचा हक्कही चर्चच्या हवाली केला, हे त्यांना मान्य नव्हतं. अमेरिकेवरचं त्यांचं मराठी पुस्तक १८८९ साली निघालं. तिथल्या बायकांच्या संस्थांचं आणि शिक्षणाचं त्यात भरभरून कौतुक आहे, आणि मूळ रहिवाशांवरच्या अन्यायाबद्दल, काळ्या माणसांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल रोखठोक टीकाही आहे. कौतुक करणाऱ्याने टीका करू नये किंवा टीका करणाऱ्याने कौतुक गिळून टाकावं, असा दंडक त्यांनी मानला नाही. पाहुण्याच्या संकोचापेक्षा राहणाऱ्याचा मोकळेपणा त्या लिखाणात जास्त आहे.

पण उणिवांचा हिशेब जाहीरपणे आणि अख्ख्या समाजाने मांडल्याचा मोठा दाखला बेने इस्राएलींचा. अलिबागच्या आसपासच्या गावांतून, मुंबईतून १९४८ नंतर ही मराठी बोलणारी ज्यू मंडळी इस्राएलला गेली. परका मुलूख म्हणून गेली नाहीत. आपल्या धर्माचा देश म्हणून गेली, त्यामुळे अपेक्षा मोठी होती. वस्ती झाली ती बीरशेबा, दिमोना, लोद, अश्दोद अशा गावांत. रंगावरून आपल्याला कमी लेखलं जातं अशी तक्रार करत १९५१-५२ मध्ये त्यांच्यातल्या एका गटाने धरणं धरलं आणि आम्हाला भारतात परत पाठवा अशी मागणी केली. काही कुटुंबं परत आलीही. त्यांतली बरीच पुढे पुन्हा इस्राएललाच गेली.

दुसरं गाऱ्हाणं अधिक खोलवरचं होतं. १९६० नंतर तिथल्या धर्मपीठाने बेने इस्राएलींच्या लग्नांबाबत शंका काढली. इतर ज्यूंशी लग्न लावायचं तर आईच्या बाजूने वंशाची चौकशी व्हावी, अशा सूचना १९६२ मध्ये निघाल्या. या वेळी ‘आम्हाला परत पाठवा’ ही मुख्य मागणी नव्हती. निदर्शनं झाली, १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये उपोषण झालं. ऑगस्टमध्ये संसदेचं खास अधिवेशन बोलवावं लागलं आणि बेने इस्राएली हे सर्वार्थाने ज्यू आहेत असा ठराव झाला. पुढे त्या सूचनांमधून समाजाचं नाव वगळलं गेलं. दोन प्रसंगांमध्ये बारा-तेरा वर्षांचं अंतर आहे, आणि फरकही त्या वर्षांनीच पडला. पहिल्या वेळी माणसं नुकती उतरली होती, दुसऱ्या वेळी ती रहिवासी झाली होती. तक्रार तितकीच कडवट होती, पण ती आता त्या देशाच्या दारात हक्काने मांडलेली होती. मराठी त्यांनी सोडली नाही. ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही तिथून निघत राहिलं.

आज परदेशी असलेल्या मराठी माणसाची गाऱ्हाणी ऐकू लागलो की सर्वांत वर कायद्याची उणीव येते. अमेरिकेत नोकरीसाठीच्या एच-१बी व्हिसाची वार्षिक मर्यादा ६५,००० आहे. तिथे पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांसाठी आणखी २०,०००. नोकरीच्या आधारावर वर्षाला सुमारे १,४०,००० ग्रीन कार्डं निघतात आणि कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांच्या वाट्याला त्यांतली साधारण ७ टक्केच येतात. भारताला तीच मर्यादा आणि मूठभर वस्तीच्या बेटालाही तीच. त्यामुळे आपल्या माणसाची रांग वर्षांची न राहता दशकांची होते. रांगेत असताना नोकरी गेली तर दुसरी शोधायला साधारण ६० दिवस. मूल २१ वर्षांचं झालं की आईबापांच्या अर्जावरून त्याचं नाव गळू शकतं. जे पोर तिथल्याच शाळेत शिकलं त्यालाच मग तिथे राहायला नवा व्हिसा शोधावा लागतो. बायकोला नोकरीची मुभा २०१५ पासून मिळू लागली, तीही काहींनाच. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर १,००,००० डॉलरची फी जाहीर झाली. यातली एकही गोष्ट अमेरिकन शेजारी वाईट वागतो म्हणून घडत नाही. तो बहुधा केक घेऊन दारात येतो. आपला शेजारी कसल्या रांगेत आहे हेच त्याला ठाऊक नसतं.

आखातातला हिशेब निराळा. तिथे पगारावर आयकर नाही, पण नागरिक होण्याची वाटही जवळपास नाही. राहणं नोकरीला बांधलेलं आणि नोकरी मालकाला. कफाला म्हणतात ती हीच पद्धत. जुन्या मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलता येत नसे. ती अट कतारने २०२० मध्ये काढली आणि सौदीनेही २०२१ मध्ये ती सैल केली. पण त्याच सौदीत २०१७ पासून कुटुंबातल्या प्रत्येक आश्रित माणसामागे दरमहा फी सुरू झाली. १०० रियालपासून सुरू झालेली ती फी २०२० पर्यंत ४०० वर गेली. बायको आणि दोन मुलं असलेल्याने महिन्याला १,२०० रियाल भरायचे, की कुटुंब गावी पाठवायचं? अनेकांनी पाठवलं. तिकडे ब्रिटनमध्ये कर भरणाऱ्या परदेशी नोकरदाराला आरोग्यसेवेचा अधिभार वेगळा द्यावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून प्रौढ माणसामागे वर्षाला १,०३५ पौंड.

एक उणीव मात्र आपल्या घरची आहे आणि गाऱ्हाणं करताना ती सोयीस्कर विसरली जाते. जर्मनीने जून २०२४ पासून पाच वर्षांच्या वास्तव्यावर नागरिकत्व द्यायला आणि जुनं नागरिकत्व ठेवू द्यायला सुरुवात केली. पण भारताचा कायदा दुसरं नागरिकत्व घेतलेल्याचं पहिलं ठेवत नाही. त्याला ओसीआय कार्ड मिळतं, आजन्म येण्या-जाण्याची सोय होते. मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. दूधगंगेच्या काठी वाढलेल्या माणसाला ही शेवटची अट सगळ्यांत जास्त झोंबते. वडिलांची जमीन वारसाने येईल तेवढी; बांधाला लागून असलेलं भाऊबंदाचं एकरभर उसाचं रान विकायला निघालं तर पैसे असून घेता यायचं नाही. हा राग न्यू जर्सीवर किंवा म्युनिकवर काढून काय उपयोग?

रीतीभातीच्या उणिवा सांगायला मजेच्या, सोसायला कधीकधी जड. जर्मनीत रविवारी दुकानं बंद. भिंतीत खिळा ठोकला तरी शेजारी दार वाजवतो. अमेरिकेच्या उपनगरात चालत जाऊन चार माणसं भेटतील असा कट्टा नाही, गाडी चालवता येत नसेल तर घराबाहेर पडणंच नाही. सहा महिन्यांसाठी गेलेल्या आईवडिलांना हे पहिल्याच आठवड्यात कळतं. इथे निपाणीच्या बाजारातून एकट्या पिशव्या भरून आणणारी आक्का तिथे सुनेला सुट्टी कधी आहे ते पाहून दूध आणायला निघते. यात कुणाचा दोष नाही; गावाची रचनाच तशी आहे. आणि एकाच घरात उणिवांची यादी एकसारखी निघत नाही. न कळवता कुणी येत नाही, याचं आण्णांना वाईट वाटतं. सुनेला त्यात सवड दिसते. हळदीकुंकवाला कुणी बोलावत नाही, पण कुठे चाललीस, कधी येणार, हेही कुणी विचारत नाही. घरातल्या कर्त्या पुरुषाने एकट्याने मांडलेला हिशेब म्हणूनच अर्धा धरावा.

राहता राहिलं अंतर. जुलै-ऑगस्टमध्ये काळम्मावाडी धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं, दत्तवाड-मलिकवाडचा पूल पाण्याखाली गेला का, घरातली जनावरं हलवली का, हे न्यू जर्सीतला माणूस रात्री उठून मोबाईलवर पाहतो. २०१९ च्या पुरात अशी कितीतरी माणसं जागी होती. त्याने पाहिल्याने पाणी उतरत नाही, आणि न पाहून झोपही लागत नाही. याला अमेरिका काय करणार? बंगळुरूच्या पोरालाही त्या रात्री गावात शिरता आलं नसतं. पण इथे एक बारीक भेद करावा लागतो. आईच्या शेवटच्या दिवसांत पोचता आलं नाही, ही उणीव अंतराची. विमान होतं, पैसे होते, पण गेलो तर व्हिसाचा नवा शिक्का मिळेपर्यंत अडकू आणि परत येता येणार नाही या धास्तीने तो गेला नाही, ही उणीव कायद्याची. घरच्यांना दोन्ही सारख्याच दिसतात: पोरगा आला नाही. त्याला स्वतःला मात्र यातलं कुठलं दुःख आपलं, हे कळायला हवं, नाहीतर तो आयुष्यभर स्वतःलाच दोष देत बसतो.

हिशेब चुकवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे तुलना. परदेशात राहणारा माणूस आजचा देश आणि आठवणीतलं गाव यांना समोरासमोर ठेवतो. त्या सामन्यात कुठलाही देश हरेल. त्याच्या आठवणीतल्या सदलग्यात चुलते-पुतणे एका चुलीवर जेवतात आणि पोरं नदीत पोहतात. आजच्या सदलग्यातली पोरं इंग्रजी शाळेच्या बसमधून जातात, शिकलेली पुण्याला नाहीतर बंगळुरूला नोकरी धरतात, आणि मागे राहिलेल्या म्हाताऱ्याला डॉक्टरकडे न्यायला शेजारचाच कुणी लागतो. म्हातारपणी एकटं पडणं ही परदेशी गेलेल्याने आणलेली उणीव आहे असं आपण समजतो. ती पुण्यापर्यंत गेलेल्यानेही आणलेली आहे. परतीचा विचार करणाऱ्याने निदान एक पावसाळा आणि एक उन्हाळा इथे राहून, आजच्या गावाशी तुलना करावी. मग जो निर्णय होईल तो पक्का असेल.

पुढची पानं ‘राहावं की परतावं’ याचा निकाल देत नाहीत. तो घराघराचा वेगळा असतो आणि एकाच घराचा दर दहा वर्षांनी बदलतो. पण ज्या घरात आज पासपोर्टचा अर्ज भरणं चाललं आहे, त्या घराने ती जरूर वाचावीत. पोराला पगार किती मिळणार हे सगळेच विचारतात. नोकरी सुटली तर किती दिवस राहता येईल, सुनेला काम करता येईल का, मुलांचं वय वाढलं की काय, परतलो तर तिथे भरलेल्या पेन्शनचं काय, हे कुणी विचारत नाही. जर्मनीशी भारताचा सामाजिक सुरक्षेचा करार २०१७ पासून लागू आहे. अमेरिकेशी तसा करार नाही, आणि तिथलं निवृत्तिवेतन मिळायला साधारण दहा वर्षांची कपात लागते; सात-आठ वर्षांनी परतलेल्याचे भरलेले पैसे तिथेच राहतात. असल्या गोष्टी निघण्याआधी कळल्या तर तक्रारीचा अर्धा कडवटपणा कमी होतो.

आणि जो आधीच गेला आहे, त्याने फोनवर काही खुपतं म्हणून सांगितलं तर ‘मग ये परत’ असं लगेच म्हणू नये. तो परवानगी मागत नसतो. आण्णांनी एवढंच विचारावं, की हे सरकारचं आहे, तिथल्या माणसांचं आहे, की आमच्यापासून लांब असण्याचं? उत्तर द्यायला त्याला वेळ लागेल, कारण बहुतेकांनी स्वतःलाही हे कधी विचारलेलं नसतं. राहायचं ठरवलेल्याचं गाऱ्हाणं त्या देशाच्या कामाचं असतं, परतायचं ठरवलेल्याचं आपल्या कामाचं. दोन्ही लिहून ठेवायला हवीत.

सदलगा